काळोखीमावशीचं पुस्तक

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वाचून हसते. पिंपळावरचं काहीतरी, हायवेवरची पांढऱ्या साडीतली बाई... मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आयुष्यभर एका औषध कंपनीत गोळ्या तपासण्याचं काम केलं. गोळीत जेवढं औषध लिहिलंय तेवढं आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न असायचा. त्यामुळे भूतप्रेत, बाहेरचं वगैरे मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण एक गोष्ट अशी घडली आहे की ती मला कुठल्याच कप्प्यात ठेवता येत नाही... आणि त्यात माझाही हात होता, म्हणून आजवर कुणाला लिहून सांगितली नव्हती.

साल चौऱ्याऐंशी. आम्ही नेरूळला राहायला येऊन वर्ष झालं होतं. तेव्हाचं नेरूळ म्हणजे लाल मातीचे रस्ते, अर्ध्या रिकाम्या बिल्डिंगी आणि मधे नुसता वारा. मागच्या बाजूला शिरवणे गाव, त्याच्या पलीकडे आमची कंपनी. आमचे हे मुंबईत नोकरीला, सकाळी सातला घर सोडायचे. मुलगी जुई, पाच वर्षांची. ती जायची कारखानीस बाईंच्या बालवाडीत. सकाळी बालवाडी, आणि आमच्यासारख्या नोकरीवाल्यांच्या मुलांना बाई संध्याकाळी पाचपर्यंत सांभाळायच्या.

बाई पन्नाशीच्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत बालवाडी, मागच्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड. कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज कधी चढायचा नाही. वीस मुलं, पण बाहेरून जाताना आवाज म्हणून नाही. सगळी कॉलनी कौतुक करायची. मीसुद्धा केलं आहे!

त्या वर्षी दिवाळीनंतर जुई अंधाराला घाबरायला लागली. नुसती घाबरत नव्हती. दिवेलागणीला ती दाराशी जाऊन बसायची आणि मी बटण दाबेपर्यंत श्वास धरून ठेवायची. लाइट गेली तर ओरडायचीही नाही... थंडगार पडायची, आणि एक-दोनदा चड्डीत शू झाली. बोलणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं.

मुलांची भीती घालवणारं एखादं चित्रांचं पुस्तक मिळेल म्हणून मी दादरला दोन दुकानं पालथी घातली. राजे, राक्षस, ससे, सगळं होतं. अंधारावर काही नव्हतं. मग मीच करायला घेतलं. लॅबमधले जुने ग्राफपेपर आणले, मागच्या कोऱ्या बाजूला मेणाच्या खडूंनी चित्रं काढली, खाली मोठ्या अक्षरांत मजकूर, आणि गोधडीच्या दोऱ्याने शिवलं. चौदा पानं. काळा खडू अख्खा संपला.

गोष्ट साधी होती. मनी नावाची मुलगी. घरातला दिवा जातो. कोपऱ्यात कोणीतरी बसलेलं असतं — मोठ्ठं, काळं, मऊ. मनी विचारते, "तू कोण गं?" ते म्हणतं, "मी काळोखीमावशी. मला कुणी बसच म्हणत नाही. आले की लगेच दिवा लावतात, मग मला उठून जावं लागतं." मावशीने काळी गोधडी पांघरलेली. गोधडीला खूप खिसे. एका खिशात झोप, एकात चांदण्या, एकात उद्याची सकाळ. मनी रोज एका खिशात हात घालते.

रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्ही दोघी ते वाचायचो. पहिल्या आठवड्यात जुई बघायची फक्त. दुसऱ्या आठवड्यात ती खिशात काय आहे ते माझ्याआधी सांगायला लागली. आणि एका संध्याकाळी वाचता वाचता तिने मावशीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"आई, ही आपल्या घरी आलीये ना आता?"

"हो. आलीये की."

"मग आता सांगितलं तर चालेल."

"काय सांगितलं तर?"

तिने खडू घेतला आणि मनीच्या खोलीच्या दाराला एक कडी काढली. दाराच्या बाहेरच्या बाजूला.

"बाई अशी लावतात. त्या बारक्या खोलीत घालतात आणि कडी लावतात. मी प्रार्थनेत हसले म्हणून. बाई म्हणाल्या, आईला सांगितलंस तर हा अंधार तुमच्या घरी येईल राहायला. पण ती तर आलीच. आणि ती चांगली आहे."

मी विचारलं, किती वेळा? पाच वेळा. बोटं मोजून सांगितलं तिने. एकदा तर डबा खायच्या सुट्टीपासून दुपारी झोपायच्या वेळेपर्यंत.

त्या क्षणी मला काय वाटलं ते स्वच्छ लिहिते. मला त्या बाईला हाताने मारावंसं वाटलं. नुसतं मारावं नाही, तिने घाबरावं असं वाटलं. माझ्या लेकीसारखं, थंडगार पडून.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बालवाडीत गेले. बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"अडगळीची खोली आहे ती. मुलं लपाछपी खेळताना शिरतात कधीकधी," त्या म्हणाल्या.

"बाहेरून कडी कोण लावतं मग?"

"तुमच्या जुईला कल्पना फार सुचतात. घरी काळोखाची चित्रं काढून देता म्हणे तुम्ही? मग दुसरं काय होणार?"

पुस्तकाबद्दल जुईनेच वर्गात सांगितलं असणार. बाई हसत होत्या. मी उठून आले. जुईचं नाव काढलं तिथून. दोन-तीन आयांशी बोलले. एक म्हणाली, "अहो शिस्त आहे म्हणून तर घालतो आम्ही तिथे." दुसरीने विषयच बदलला. आणि रात्री जेवताना हे म्हणाले, "जाऊ दे ना. काढलं ना नाव? उगाच सोसायटीत आपलंच नाव खराब होईल."

माझ्या बाजूने एकच माणूस निघालं. गुलाबबाई. बालवाडीत केर काढायला आणि मुलांची शी-शू बघायला शिरवण्याहून यायची. बाजारात भेटली तेव्हा इकडेतिकडे बघून म्हणाली, "पोर खरा बोलते बाय. मना समदा ठाव हाय. पन मी बोलली तं माजी नोकरी जाल."

"किती मुलांना घातलंय?"

"मना कुठं मोजता येतंय? लय. माज्या आधीपासना चाललंय."

घरी आले आणि पुस्तकाला आणखी चार पानं जोडली. यावेळी जुईसाठी नव्हती ती. पहिल्या पानावर काळोखीमावशी भर उन्हात रस्त्याने चाललीये. दुसऱ्यावर ती बालवाडीच्या दारात उभी. तिसऱ्यावर बाई — तोच अंबाडा, तोच चष्मा, ओळखू येतील अशाच काढल्या. मावशी म्हणते, "आज तुमचा नंबर." चौथ्यावर नुसतं बंद दार, आणि खाली एक ओळ : आणि कडी लागली.

माझा हेतू ऐका, म्हणजे उगाच काही भलतं वाटायला नको. गुलाबबाईला सांगून ते पुस्तक त्या खोलीत ठेवायचं. बाईंच्या हाती ते लागणार, त्या उघडणार, आणि त्यांना कळणार की कुणाला तरी सगळं माहीत आहे. त्यांची झोप उडावी. बस्स. साधी धमकी होती ती.

जुईने मला ते पिशवीत घालताना पाहिलं.

"त्या खोलीत ठेवणार? तिथे चित्रं दिसत नाहीत आई."

"हो गं..."

"असू दे. मावशीला वाचता येतं अंधारात."

गुलाबबाईने सोमवारी ते आत ठेवलं. गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी जुईची सतरंजी आणि पाटी परत आणायला गेले. जुईला शेजारी ठेवलं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. सगळी मुलं बाहेरच्या आवारात, गुलाबबाई त्यांना पाणी पाजत होती.

"बाई कुठे आहेत?"

"आतच असतील. मगाशी पोरांना भायेर काढा बोलल्या, त्याला झाला तासभर."

वर्गाच्या दोन्ही खोल्या रिकाम्या. बिऱ्हाडाच्या खोलीला बाहेरून कुलूप. आम्ही दोघी परत आवारात आलो तर चार वर्षांची एक मुलगी, प्याल्यातलं पाणी पीत पीत, अगदी सहज म्हणाली, "बाई मावशीकडे आहेत. मावशी गोष्ट सांगते."

मी परत आत वळले. वर्गाच्या मागे बोळ, बोळाच्या टोकाला ती खोली. दार बंद. कडी लागलेली. बाहेरून.

मी गुलाबबाईकडे बघितलं. "तू लावलीस?"

"पोराची शप्पत, मी नाय. मी तं भायेरच व्हती."

तेवढ्यात आतून आवाज आला. बाईचा आवाज, पण कारखानीस बाईंचा नव्हे. मुलांना झोपवताना लावतो तसा हळू, लांबवलेला, जराही घाई नसलेला.

"...एका खिशात झोप. एका खिशात चांदण्या. एका खिशात उद्याची सकाळ..."

माझी गोष्ट. माझे शब्द. काळ्या मिट्ट खोलीत, जिला खिडकी नाही, झरोका नाही, कोणीतरी पुस्तक वाचत होतं. आणि त्यामागे, भिंतीला लागून, कुणाचं तरी बारीक बारीक रडणं... दम लागल्यासारखं.

माझा हात कडीवर होता. गुलाबबाईने माझं मनगट धरलं. "उघडा ना बाय. मरंल ती."

मी म्हणाले, "थांब."

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही. मी थांबले. भीतीने नाही. मला तो आवाज मधे तोडायचा नव्हता. जुई त्या खोलीत पाच वेळा बसली होती, आणि दाराच्या या बाजूला कुणीच उभं नव्हतं. मला वाटलं, होऊ दे पूर्ण.

"...मावशी म्हणाली, आज तुमचा नंबर... आणि कडी लागली."

इथे माझं पुस्तक संपतं. शपथेवर सांगते, पुढे एक अक्षरही मी लिहिलेलं नाही. पण आवाज थांबला नाही. हजेरी घेतात तशा सुरात पुढे सुरू झाला.

"जुई. प्रार्थनेत हसली."

आतून कारखानीस बाई म्हणाल्या, "हो."

"बंटी. डबा सांडला."

"हो."

"शलाका. आईची आठवण काढली."

"हो..."

मी डाव्या हाताने पर्समधलं पेन काढलं. एकेक नाव गुलाबबाईला पाठ करायला सांगत होते, आणि जमेल तशी मनगटावर, पर्सच्या अस्तरावर लिहीत होते. लॅबची सवय — जे दिसतं, ऐकू येतं, ते आधी नोंदवायचं. अकरा नावं. पुढे प्रत्येकाचा गुन्हा. चादर ओली केली. झोप आली नाही. डावा हात वापरला. प्रत्येकाला "हो".

शेवटचं नाव होतं, "कुसुम. दूध नको म्हणाली."

यावर "हो" आलंच नाही.  मग कारखानीस बाई रडल्या. मी मोठ्या माणसाला तसं रडताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज पाच वर्षांचा होता.

मग मी कडी काढली.

खोली चार फूट बाय सहा फूट. मोडकी खेळणी, फाटकी गादी, बाजाच्या पेटीचं खोकं. कोपऱ्यात कारखानीस बाई गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. मांडीवर माझं पुस्तक, शेवटच्या पानावर उघडं. दुसरं कोणी नाही. लपायला जागाच नव्हती. मी गादी उचलून पाहिली, खोकं उघडून पाहिलं.

उजेडाने डोळे मिचकावत बाईंनी विचारलं, "संपली?"

मी पुस्तक त्यांच्या मांडीवरून उचललं आणि म्हणाले, "संपली."

त्यांना हात देऊन उठवलं गुलाबबाईने. मी नाही.

बाहेर आल्यावर मी गुलाबबाईला विचारलं, आवाज कुणासारखा वाटला? म्हणाली, "आमच्यातलीच कोनतरी. आमच्यासारकीच बोलत व्हती ना?"  मी ऐकलं ते चक्क पुस्तकी मराठी होतं, मी लिहिलेलं. आम्ही एकाच दाराशी, एकमेकींना चिकटून उभ्या होतो!

त्याच संध्याकाळपासून मी घरोघर फिरले. मनगटावर शाई होतीच. अकरापैकी जुई सोडून सहा मुलं अजून बालवाडीत येणारी. प्रत्येक घरी मी आईबापांसमोर मुलाला एवढंच विचारलं, "त्या दिवशी डबा सांडला होता का रे?" किंवा जे असेल ते. शलाकाने ऐकल्याबरोबर आईच्या पदरात तोंड खुपसलं. बंटीच्या वडिलांनी तर मला दारातच विचारलं, "हे तुम्हाला कसं कळलं? आम्हालाच आज कळतंय." मी म्हणाले, कळलं. तीन मुलं मोठी होऊन शाळेत गेलेली, ती आमच्याच सेक्टरमधे सापडली. "शिस्त आहे म्हणून घालतो" म्हणणाऱ्या बाईंचाच मुलगा निघाला डाव्या हाताचा. त्या माझ्यासमोर मटकन खाली बसल्या. मला वाईट वाटलं नाही.

जुई धरून दहा जमली. अकरावं नाव, कुसुम, कुणालाच माहीत नव्हतं. गुलाबबाईलाही नाही.

पंधरा दिवसांत बालवाडी बंद झाली. पोलीस वगैरे काही नाही, तेव्हा कोण जात होतं? नुसतं कुणी मूल पाठवलं नाही. बाईंना न्यायला कराडहून त्यांची थोरली बहीण टेम्पो घेऊन आली. मी मुद्दाम बघायला गेले होते. लिहायला लाज वाटते, पण गेले होते. बहीण आतून हाक मारत होती, "कुसुम, ही पेटी घ्यायची का गं?"

मी पुढे होऊन विचारलं, "कुसुम कोण?"

"हीच की. माहेरचं नाव. लग्नात सुनंदा ठेवलं."

"लहानपणी दूध प्यायच्या नाहीत का?"

बहिणीचा चेहरा बदलला. "कोणी सांगितलं तुम्हाला? ... आमची चुलती कोंडायची तिला. कोळशाच्या खोलीत. आई गेली होती आमची."

टेम्पोत पुढे बसलेल्या कारखानीस बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. भर दुपारी त्यांच्या हातात टॉर्च होता, आणि तो चालू होता.

कुणी म्हणेल, मग दया आली असेल तुम्हाला. नाही आली. उलट राग वाढला. ती खोली कशी असते हे जिला आतून ठाऊक होतं, तिने माझ्या मुलीला तिथे घातलं. नकळत केलं असतं तर एकवेळ गोष्ट वेगळी होती.

तीन-चार वर्षं गेली. बिल्डिंगमधल्या आम्ही पाचजणी मिळून वर्षाचे कांदे घ्यायला वाशीच्या एपीएमसी मार्केटला गेलो होतो. गोण्यांच्या गर्दीत कुणीतरी मागून दंडाला हात लावला. कारखानीस बाई. पार वाळल्या होत्या, साडीला इस्त्री नाही. भाच्याकडे आल्या होत्या म्हणे चार दिवस.

"जुईची आई ना?"

मी मान हलवली.

"ते पुस्तक... अजून आहे का हो तुमच्याकडे?"

मी गोणीतला एक कांदा उचलून बघू लागले.

"मला नको कायमचं. एकदा वाचायचंय फक्त. शेवटचं नको, पहिलं. ते खिशांचं. मला झोप आणि चांदण्या आठवतात, तिसऱ्या खिशात काय होतं ते काही केल्या आठवत नाही. दिवा घालवला की तिथेच अडकते मी. रोज. तेवढं सांगितलंत तरी..."

दोन शब्द होते. मला पाठ होते. पुस्तक घरी ट्रंकेत होतं, जुईच्या बाळपणीच्या कपड्यांखाली.

मी म्हणाले, "फाडून टाकलं. आणि मला नाही आठवत."

त्यांनी मान हलवली. मोठ्यांनी रागावल्यावर मुलं हलवतात तशी. आणि हळूहळू गोण्यांच्या पलीकडे निघून गेल्या. परत कधी दिसल्या नाहीत.

जुई आता चाळिशी ओलांडून गेली. अंधारात खुशाल झोपते, मुलांनाही झोपवते. मार्केटमधली गोष्ट मी तिला गेल्या वर्षी सांगितली. ती म्हणाली, "सांगायचं होतंस गं आई." मी म्हटलं, तू बसली होतीस तिथे, तुझ्या मनात येईल ते तू म्हणू शकतेस. मला नाही जमलं.

आता स्पष्टीकरण विचाराल तर ते माझ्याकडे नाही. कडी कुणी लावली, माहीत नाही. मुलांनी लावली म्हणावं तर ती त्यांच्या डोक्यावर दोन हात उंच होती. अंधारात कोण वाचत होतं, माहीत नाही. बाई स्वतःच दोन आवाजांत बोलत होत्या असं एका डॉक्टरांनी मला समजावलं. असेलही. पण मग गुलाबबाईला तिच्या बोलीत आणि मला माझ्या शब्दांत कसं ऐकू आलं? चाळीस वर्षं मी या गोष्टीला घासून पुसून बघते आहे, निकाल लागत नाही. त्या दुपारी कांद्याच्या गोण्यांमधे मी काय केलं, तेवढं मात्र मला पूर्ण समजतं. ते कुठल्या मावशीने केलं नव्हतं.